आधी जहाज काय सोसेल ते मोजा, मग वाट आखा

प्रश्न थोडक्यात असा: शंभर-दीडशे वर्षांचे लोखंडी जहाज सुक्या गोदीत, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या बांधीव खड्ड्यात, उभे आहे. गोदी दगडी आहे आणि जहाजाइतकीच जुनी. दोन्ही लोकांना दाखवायची आहेत, व्हीलचेअरवरून येणाऱ्यांनाही. मात्र जहाज आणि गोदी दोघांनाही इजा व्हायला नको. सुरुवात कुठून करायची?

प्रवेशद्वारापासून तरी करू नका. बहुतेक आराखडे तिथेच चुकतात. तिकीटघर, पूल, जिना, लिफ्ट असा क्रम कागदावर उमटतो आणि जहाज शेवटी त्या क्रमात बसवले जाते. हा क्रम उलटा हवा. जहाजाला काय सोसत नाही याची यादी आधी करायची आणि तिच्यातून जी जागा उरेल तिथून माणसांची वाट काढायची. सोसण्याची मोजमापे चार आहेत: वजन, ओलावा, मीठ आणि आग.

उदाहरण म्हणून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे एसएस ग्रेट ब्रिटन घेऊ, कारण जहाज आणि गोदी यांचा एकत्र विचार तिथे फार नेटका झाला आहे. अभियंते इसांबार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी आखलेले हे ९८ मीटर लांबीचे लोखंडी, मळसूत्री पंख्याचे जहाज १९ जुलै १८४३ रोजी पाण्यात आले. १९३७ मध्ये फॉकलंड बेटांवरच्या स्पॅरो कोव्हमध्ये ते उथळ पाण्यात बुडवून सोडून दिले गेले. १९७० मध्ये बुडवता-तरंगवता येणाऱ्या पाँटूनवर (सपाट तराफ्यावर) चढवून ते ब्रिस्टलला परत आणले आणि ज्या गोदीत बांधले त्याच गोदीत ठेवले. तोवर समुद्राच्या मिठातले क्लोराइड लोखंडाच्या गंजात खोल मुरले होते. वरून रंग लावला तरी गंज आतून चालूच राहत होता. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधनातून एक आकडा हाती आला: सापेक्ष आर्द्रता (हवेत मावेल त्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला वाटा) २० टक्क्यांच्या आसपास ठेवली तर हा गंज जवळजवळ थांबतो. ब्रिस्टलची बाहेरची हवा बहुतेक वर्षभर ८० टक्क्यांच्या आगेमागे असते. म्हणून जहाजाच्या पाणरेषेवर, जहाजाची बाजू आणि गोदीची भिंत यांच्यामध्ये काचेचे छत घातले, त्यावर काही सेंटीमीटर पाणी खेळते ठेवले आणि काचेखालची हवा यंत्रांनी कोरडी केली. २००५ पासून लोक त्या काचेखाली, गोदीच्या तळाशी उतरून जहाजाच्या बुडाभोवती फिरतात.

एकाच काचेने तीन कामे साधली. खालचे लोखंड कोरडे राहिले. वरून पाहणाऱ्याला जहाज पाण्यात तरंगताना दिसते. शिवाय गोदीचा तळ पावसापासून झाकलेली, चालण्याजोगी जागा झाला. जतनासाठी जे करावेच लागणार होते, त्यातूनच वाट निघाली. तुमच्याकडेही आधी हेच शोधा: दुरुस्तीसाठी कोणता आधार, कोणते छत, कोणती यंत्रखोली अटळ आहे? वाट त्यालाच जोडता आली तर जहाजावरचे वेगळे ओझे वाचते.

पाहणी आणि नकाशा

लेझर स्कॅनने जहाज आणि गोदी दोन्ही मोजून घ्या, आणि ती मोजणी एकाच निर्देशक पद्धतीत, म्हणजे एकाच आरंभबिंदूवरून, ठेवा. त्या रेखाचित्रावर तीन रंग भरा: मूळ भाग, जुन्या काळातली दुरुस्ती, अलीकडची भर. दुसऱ्या थरात पत्र्याची उरलेली जाडी दाखवा. अल्ट्रासॉनिक यंत्राने दर अर्ध्या मीटरवर वाचन घ्यावे, पाणरेषेजवळ आणि फासळ्यांच्या पायथ्याशी त्याहून दाट. या यंत्राची एक मर्यादा लक्षात असू द्या: खड्डे पडलेल्या पत्र्यावर ते जाड जागा पकडते आणि पातळ जागा सोडते. शंका असेल तिथे पृष्ठभाग साफ करून पुन्हा मोजा. लाकडी डेकवर बारीक छिद्र पाडून अवरोध मोजणारी सुई वापरावी लागते, कारण वरून टणक वाटणारी फळी तुळईवर टेकते तिथे पोकळ झालेली असू शकते.

दोन्ही थर एकमेकांवर ठेवले की वाट कुठून नेता येईल ते दिसू लागते. अलीकडची भर आहे आणि खाली पत्रा जाड आहे, अशा जागांमधूनच पूल, लिफ्ट आणि वायरिंग न्यायचे. मूळ पत्र्याला नवे भोक पाडायची वेळ आली, तर आराखड्यात काहीतरी चुकले आहे असे समजावे. मालाचे दार, कोळसा भरायचे तोंड, पूर्वी बदललेला पत्रा यांपैकी एखादी वाट बहुतेक जहाजांना असते.

वजन

सार्वजनिक गर्दीच्या जागेसाठी अभियंते दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो भार धरतात. जुन्या प्रवासी डेकला तेवढे पेलवेलच असे नाही. पेलत नसेल तर खाली टेकू ठोकत सुटू नका, माणसे कमी करा. डेकखाली टेकू दिला की तो भार खालच्या, बहुधा अधिक गंजलेल्या भागावर जातो.

गर्दी सारखी पसरत नाही, हेही हिशेबात धरा. लोक कठड्याशी, दारात आणि माहितीफलकापुढे दाटतात. म्हणून फलक कुठे लावायचा हा सजावटीचा प्रश्न नाही, भाराचा आहे. कमकुवत तुळईवर लोकांनी थांबू नये असे वाटत असेल तर तिथे पाहण्यासारखे काही ठेवू नका. पाटी लावण्यापेक्षा हे जास्त परिणामकारक ठरते.

विजेवर चालणारी व्हीलचेअर आणि तिच्यातली व्यक्ती मिळून अडीचशे किलो सहज भरते, आणि हा भार चार छोट्या ठिपक्यांवर येतो. जुन्या फळीला एकूण वजन चालते, ठिपका चालत नाही. फळ्यांवर पातळ ॲल्युमिनियमच्या चौकटीचा मार्ग अंथरा, खाली रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय फोमची पट्टी ठेवा आणि चौकट फळ्यांना आडवी टाका, म्हणजे भार चार-पाच फळ्यांत वाटला जातो. ॲल्युमिनियम थेट लोखंडाला लागू देऊ नका. ओल आली की दोन धातूंच्या जोडावर गंज धरतो.

जहाज गोदीत कशावर टेकले आहे हेही यातच येते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचे लाकडी युद्धजहाज एचएमएस व्हिक्टरी १९२२ पासून सुक्या गोदीत आहे. मोजक्या पोलादी आधारांवर बसून तिचे बूड हळूहळू बसत होते. ते आधार काढून १३४ स्वतंत्र पोलादी टेकू दिले गेले. पाणी जसे सगळीकडून थोडे थोडे उचलते तसे ते जहाजाला उचलतात, आणि प्रत्येक टेकूवरचा भार मोजला जातो. हे काम २०२० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी लोकांना बुडाखालून चालण्याची वाटही खुली झाली. टेकूंच्या रांगांमधूनच ती वाट गेली आहे. आधार आधी नीट, वाट नंतर, हा क्रम तिथे पाळला गेला.

याच्या उलट लंडनमधल्या ग्रिनिचचे कटी सार्क. १८६९ चे हे जहाज सुमारे सव्वातीन मीटर वर उचलून २०१२ मध्ये खुले केले. खाली चालता यावे, कार्यक्रम करता यावेत असा हेतू होता, आणि तांब्यासारखे चमकणारे बूड खालून पाहणे खरोखर थरारक आहे. तरीही मला तो मार्ग पटत नाही. पाण्याने किंवा कीलने (बुडाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याने) उचलायचे वजन पोलादी तिरक्या दांड्यांवर टांगले गेले, आणि पाणरेषेच्या काचेच्या फुगीर छतामुळे बाहेरून जहाजाचा आकार अर्धा झाकला गेला. माणसांच्या सोयीसाठी जहाजाची बसण्याची पद्धत बदलू नये.

हवा: खरा शत्रू श्वास नाही

कोरड्या हवेची जागा लोकांना उघडताना पहिली भीती वाटते ती माणसांच्या घामाची आणि श्वासाची. हिशेब मांडून पाहू. काचेखाली एकाच वेळी १०० माणसे धरा. सावकाश चालणारा माणूस तासाला साधारण ७० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे एकूण ७ किलो. पण या १०० जणांना ताजी हवाही लागते. दर माणशी सेकंदाला १० लिटर धरले तर तासाला ३,६०० घनमीटर हवा झाली. २० अंश तापमानाला ८० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे १३.८ ग्रॅम पाणी असते आणि २० टक्क्यांच्या हवेत साडेतीन ग्रॅम. फरक १०.३ ग्रॅम, म्हणजे ताज्या हवेतून तासाला ३७ किलो पाणी काढावे लागते. श्वासाच्या पाचपट.

यावरून तीन निर्णय आपोआप निघतात. ताज्या हवेचा पंखा ठरावीक वेगाने चालवू नका. कार्बन डायऑक्साइडच्या संवेदकाला जोडा, म्हणजे सकाळी दहा माणसे असताना शंभरांची हवा आत येणार नाही. दुसरे, बाहेरची हवा आधी थंड करून तिचे बरेचसे पाणी काढा आणि मगच सिलिका जेलसारख्या शोषकाच्या फिरत्या चाकातून न्या. नुसत्या थंड नळ्यांवर २० टक्क्यांपर्यंत पोचता येत नाही, कारण नळ्यांवर बर्फ धरते. तिसरे, सगळी गोदी सारखी कोरडी करण्याचा हट्ट नको. कोरडी हवा जहाजाच्या पत्र्यालगतच सोडा. ब्रिस्टलमध्ये हवेच्या नळ्या बुडाशेजारून नेल्या आहेत. लोखंडाजवळ २० टक्के असले म्हणजे पुरे. चालणाऱ्यांच्या पट्ट्यात थोडे जास्त चालते.

दारे दोन, एकापाठोपाठ एक. त्यांच्यामधले अंतर किमान अडीच-तीन मीटर ठेवा, म्हणजे व्हीलचेअर आणि ढकलणारी व्यक्ती मध्ये पूर्ण मावतील आणि मागचे दार मिटल्यावरच पुढचे उघडेल. हे अंतर कमी ठेवले तर गर्दीच्या दिवशी दोन्ही दारे एकदम उघडी राहतात आणि आर्द्रतेचा आलेख दर दहा मिनिटांनी उसळतो. ओले कोट आणि छत्र्या बाहेरच ठेवायची सोय करा. स्टॉकहोमच्या व्हासा संग्रहालयात २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यात गर्दी आणि ओलावा यांच्यापुढे जुनी वातानुकूलन यंत्रणा कमी पडली आणि १६२८ मध्ये बुडालेल्या त्या जहाजाच्या लाकडावर आम्लयुक्त क्षार फुटलेले दिसले. त्या जहाजावर लोकांना चढू देतच नाहीत, सभोवतालच्या सज्ज्यांवरून पाहू देतात, तरीही हे घडले. दारापाशी सहा-आठ मीटर लांबीची पायपुसणी हवी. थंड देशात रस्त्यावर टाकलेले मीठ बुटांना चिकटून थेट आत येते.

काचेचा जोड हा दुसरा नाजूक भाग. ९८ मीटर लोखंड २५ अंशांच्या फरकाने जवळपास ३ सेंटीमीटर लांबते-आखडते, आणि दगडी भिंत त्याच्याबरोबर हलत नाही. जोडाची पट्टी एवढी ताण-दाब सोसणारी हवी. काच जहाजावर टेकवू नका. तुळया भिंतीकडून याव्यात आणि जहाजाकडचा शेवटचा पट्टा लवचिक असावा. काचेवरच्या पाण्याला गाळणी आणि अतिनील दिवा लागतो, नाहीतर दोन आठवड्यांत शेवाळ धरते. उन्हाळ्यात मात्र हेच पाणी काच तापू देत नाही.

देखावे उभारतानाही काळजी घ्या. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळ्या), ओक लाकूड आणि काही गोंद ॲसेटिक आम्लाची वाफ सोडतात, आणि बंदिस्त जागेत ती लोखंड व शिसे दोन्ही खाते. प्रत्येक साहित्य धातूच्या पट्टीबरोबर बाटलीत बंद करून २८ दिवस ६० अंशांना तपासायची पद्धत संग्रहालयांत रूढ आहे. ठेकेदाराला हे कंत्राटातच लिहून द्या. धूर सोडणारी यंत्रे तर नकोतच.

गोदीही वारसाच आहे

जहाजाची काळजी घेणारे लोक गोदीच्या भिंतीत बिनधास्त बोल्ट मारतात. दगडात एकही नको. जिने आणि चालपट्ट्या स्वतःच्या पायावर, तळावर ठेवलेल्या पोलादी पाटांवर उभ्या राहतील अशा करा. बाजूचा आधार अटळच असेल तर सांध्यातल्या चुन्यात घ्या. तो नंतर भरून काढता येतो.

सुक्या गोदीच्या तळाखाली भूजलाचा दाब असतो. तळाच्या फरसबंदीतून आणि भिंतीतून झिरपणारे पाणी हाच त्या दाबाचा निचरा. चालणे सोपे व्हावे म्हणून कुणी सांधे सिमेंटने बुजवले, तर काही वर्षांत दगड उचलले जातात आणि भिंत पोटातून फुगते. पाणी येऊ द्या, गटारातून पंपाकडे न्या आणि वर जाळीचा मार्ग टाका. जाळीची भोके १२ मिलिमीटरच्या आत ठेवा, म्हणजे व्हीलचेअरचे पुढचे चाक आणि पांढऱ्या काठीचे टोक अडकणार नाही. पंप दोन, तिसरा राखीव, पाण्याची पातळी वाढताच वाजणारी घंटा आणि वीज गेली तरी चालणारा जनित्र संच. गोदीच्या दरवाजापलीकडे पूर्ण खोलीचे पाणी उभे असते. तळाशी माणसे आहेत हे कधीही विसरू नका. वर येण्याच्या वाटा दोन हव्यात, दोन विरुद्ध टोकांना.

बाजूच्या दगडी टप्प्यांवरून लोकांना उतरवण्याचा मोह होतो. ते टप्पे जहाजाचे टेकू लावण्यासाठी होते, उंचीला अर्धा-पाऊण मीटर, आणि झिजलेले. ते पाहू द्या, त्यांवर चालू देऊ नका.

पूल आणि लिफ्ट

धक्क्यावरून जहाजावर जाणारा पूल धक्क्याकडे पक्का आणि जहाजाकडे सरकता असावा. त्याहून चांगले म्हणजे जहाजापासून ३०० मिलिमीटर अलीकडे स्वतंत्र मनोरा आणि मधल्या फटीवर हलकी झडप. मग जहाजावर पुलाचे वजन जवळजवळ येतच नाही. उतार १ ला १२ (१२ मीटर लांबीला १ मीटर चढ) याहून तीव्र नको, १ ला २० असेल तर उत्तम. वळणाला दीड मीटरचा मोकळा चौक, दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर १.८ मीटर रुंदी.

जहाजाच्या आत लिफ्ट घ्यायची तर जिथे मूळ भाग आधीच गेला आहे तिथे. नेहमीच्या लिफ्टला खाली खोल खड्डा लागतो आणि तो नेमका कीलच्या वाटेत येतो. जेमतेम १००-१५० मिलिमीटर खड्ड्यात बसणारी मंद लिफ्ट मिळते, पण तिचा वेग सेकंदाला ०.१५ मीटरच असतो. ९ मीटर चढायला एक मिनिट. चढ-उतार, दारे धरून एक फेरी चार मिनिटांची. तासाला १५ फेऱ्या. शाळेची सहल आली आणि तिच्यात व्हीलचेअरवरची सहा मुले असली तर निम्मा तास नुसता लिफ्टपाशी जातो. म्हणून वेळेची आरक्षणे ठरवताना लिफ्टचा हा आकडा आधी घ्या. लिफ्टची विहीर सगळ्या डेकांची हवा एकत्र करते, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर घट्ट मिटणारे दार हवे.

प्रत्येक कोपऱ्यात प्रत्येकाला नेता येणार नाही. साठ अंशांची शिडी आणि दीड मीटर उंचीचा साठवण डेक मोडून रुंद करणे म्हणजे जे दाखवायचे तेच पाडणे. पण मग पर्याय जहाजावरच, त्या जागेला लागून असावा: डेकमधल्या जुन्या झरोक्यातून खाली दिसेल अशी जागा, तिथे बसल्या उंचीवरून वाचता येणारा फलक, हाताळता येणारी प्रतिकृती. बाहेरच्या इमारतीत टीव्ही लावून मोकळे होणे हा अपमान आहे. आवाज आणि वासाचे देखावे असतील तर आठवड्यात काही तास ते बंद ठेवा. अनेक मुलांना आणि मोठ्यांनाही ते सहन होत नाहीत.

जहाज पाण्यात असेल तर

मुंबईत १८१७ मध्ये जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानात बांधलेली एचएमएस ट्रिंकोमाली आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगत्या अवस्थेत लोकांना पाहता येते. अशा जहाजाचा हिशेब निराळा. १०० माणसे, म्हणजे ७ टन वजन, मध्यरेषेपासून ५ मीटरवर एका कठड्याशी जमली. जहाजाचे वजन १,००० टन आणि स्थैर्याची उंची (कललेले जहाज किती जोराने सरळ होते याचे माप) १ मीटर धरली, तर जहाज सुमारे २ अंशांनी कलते. कलंडत नाही, पण १ ला २० चा उतार तिथेच खराब होतो आणि पुलाच्या झडपेत बोटे सापडू शकतात.

भरती-ओहोटी हा दुसरा प्रश्न. मुंबईत मोठ्या उधाणाला पातळी साडेचार-पाच मीटर बदलते. मध्यपातळीला सपाट असलेला पूल दोन्हीकडे अडीच मीटर झुकणार. १ ला १२ राखायचा तर तो ३० मीटर लांब लागतो. दरवाजे असलेल्या बंदिस्त गोदीत हा प्रश्न उरत नाही. ब्रिस्टलचे बंदर १८०९ पासून असेच स्थिर पातळीचे आहे. खारे पाणी आणि लोखंडी बूड एकत्र ठेवायचे तर दर काही वर्षांनी सुकी गोदी आणि नवा पत्रा यांचा खर्च आधीच बाजूला काढावा लागतो. जुनी विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत मुंबईत २००१ ते २०१२ संग्रहालय म्हणून उभी होती, सुरक्षेच्या कारणाने बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. पुढे असे जहाज जपायचे तर पहिल्या दिवसाच्या तिकिटाआधी हा खर्च लिहून काढा.

आग, आणि जे सांगायचे ते

कटी सार्कला २००७ मध्ये, जीर्णोद्धार चालू असताना, मोठी आग लागली. सुरू राहिलेला औद्योगिक व्हॅक्यूम क्लीनर हे सर्वांत संभाव्य कारण ठरले. काम संपताना प्लग काढणे, वेल्डिंगनंतर किमान तासभर पहारा, रात्री मुख्य वीज बंद, एवढे नियम काटेकोर पाळा. आत एकावेळी किती माणसे हा आकडा सर्वांत अरुंद जिन्यावरून ठरवा, डेकच्या क्षेत्रफळावरून नको.

माहिती देतानाही संवेदनशील राहावे लागते. ग्रेट ब्रिटनने हजारो लोकांना ऑस्ट्रेलियाला नेले, तसेच १८५७ च्या उठावाच्या वेळी ब्रिटिश सैन्य मुंबईला आणले. दोन्ही गोष्टी सारख्याच स्पष्टपणे आणि सारख्याच उंचीच्या फलकावर असाव्यात.

चाचणी

उद्घाटनाआधी तीन महिने ठरलेल्या संख्येच्या चौथाई माणसांनी सुरू करा, मग निम्मी, मग पूर्ण. पत्र्यावर ताणमापक, भेगांवर काचपट्ट्या (भेग वाढली की तडकणाऱ्या), टेकूंवर भारमापक आणि किमान वीस ठिकाणी आर्द्रतेची नोंद. बंद करण्याची पातळी आधी लिहून ठेवा आणि तिथल्या कर्मचाऱ्याला ती अमलात आणायचा अधिकार द्या: पत्र्यालगतची आर्द्रता २५ टक्क्यांवर तासभर राहिली तर नवे लोक आत सोडायचे नाहीत, ३० ला तळ रिकामा करायचा. वरिष्ठांना फोन करून परवानगी मागावी लागत असेल तर रविवारच्या गर्दीत ती पातळी कुणी पाळणार नाही.